आरोपीची मानसिक तपासणी आणि उपचार : या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा कोर्टाचं पत्र हातात पडतं तेव्हा त्यात बहुतेक वेळा एकच ओळ असते : ‘सदर आरोपीची मानसिक तपासणी करून अहवाल पाठवावा.’ नवा माणूस ती वाचून थेट तपासायला बसतो. दोन तास बोलतो, निदान लिहितो, सही ठोकतो. मग साक्षीला उभं राहिल्यावर कळतं की कोर्टाला जे हवं होतं ते आपण विचारलंच नव्हतं. पहिल्या वर्षी मी हे करून बसलो आहे. अहवालात ‘स्किझोफ्रेनिया’ ठळक अक्षरांत लिहिलं होतं. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, “बरं, पण आज याला स्वतःच्या वकिलाशी धड बोलता येतं का?” मला सांगता येईना.

मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारक, समाजसेवक, कुणीही या कामात नव्यानं येत असेल तर त्यानं कुठून सुरुवात करायची, ते क्रमानं सांगतो.

पहिली पायरी : प्रश्न कोणत्या काळातला आहे ते ओळखा

व्याकरणासारखेच आपल्या कामातही तीन काळ आहेत. पत्रातला प्रश्न कोणत्या काळातला आहे हे कळल्याशिवाय आरोपीसमोर बसू नका. कळत नसेल तर कोर्टाकडून लेखी खुलासा मागवा. त्यात कमीपणा काही नाही.

वर्तमानकाळाचा प्रश्न म्हणजे आज हा माणूस खटल्याला सामोरा जाऊ शकतो का. याची मुळं 1836 सालच्या एका इंग्लिश खटल्यात आहेत. तिथला आरोपी प्रिचर्ड मूकबधिर होता. त्याला आरोप समजतो का, त्यावर उत्तर देता येतं का, कामकाज कळतं का, असं तेव्हा विचारलं गेलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1960 मध्ये डस्की खटल्यात एक पाऊल पुढे टाकलं : कोर्टाची नुसती माहिती असून भागत नाही, ती समज तर्काला धरून असली पाहिजे आणि वकिलाशी सल्लामसलत करता आली पाहिजे. हा फरक प्रत्यक्षात फार उपयोगी पडतो. न्यायाधीश काय करतात, सरकारी वकील कोण, शिक्षा काय होऊ शकते, याची शाळेतल्यासारखी बिनचूक उत्तरं देणारा माणूस शेवटी हळूच म्हणतो, “पण माझा वकील त्यांचाच आहे, त्याच्या पेनात यंत्र बसवलंय, म्हणून मी त्याला काही सांगत नाही.” माहितीत तो पास आणि क्षमतेत नापास.

भूतकाळाचा प्रश्न गुन्ह्याच्या क्षणाचा असतो. जानेवारी 1843 मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटननं एडवर्ड ड्रमंडवर गोळी झाडली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव. सत्ताधारी पक्षाची माणसं आपल्या पाठीमागे हात धुऊन लागली आहेत अशी मॅकनॉटनची पक्की समजूत होती. ड्रमंड पाच दिवसांनी वारले, मॅकनॉटन वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरला, आणि झालेल्या गदारोळातून त्याच वर्षी ते प्रसिद्ध नियम आले : मनाच्या आजारामुळे आपण काय करतो आहोत हे त्याला कळत नव्हतं का, किंवा ते चुकीचं आहे हे कळत नव्हतं का? 1860 च्या भारतीय दंड संहितेतलं कलम 84 याच घरातलं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतलं कलम 22 हे त्याचंच पुढचं रूप. इतर देशांत शब्द बदलतात, काही ठिकाणी स्वतःवरचा ताबा सुटणंही मोजलं जातं. म्हणून जिथं काम करता तिथलं कलम स्वतः, मूळ भाषेत वाचा. कुणी सांगितलेल्या सारांशावर जाऊ नका.

भविष्यकाळ म्हणजे धोका. हा पुन्हा कुणाला इजा करील का, कधी, कोणत्या परिस्थितीत?

नुसतं निदान या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. गुन्ह्याच्या वेळी पूर्ण भ्रमात असलेला माणूस सहा महिन्यांच्या औषधांनंतर खटल्याला व्यवस्थित उभा राहू शकतो. उलट, गुन्हा शुद्धीत करून कोठडीत आल्यावर कोसळलेले लोकही भरपूर भेटतील.

दुसरी पायरी : आपण कुणाच्या वतीनं आलोय ते सांगून टाका

दवाखान्यात समोरचा माणूस मनातलं बोलतो कारण ते बाहेर जाणार नाही असा त्याला भरवसा असतो. इथं ते बाहेर जाणारच आहे. सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगा : “मी डॉक्टर आहे, पण आज उपचाराला आलेलो नाही. कोर्टानं पाठवलंय. तुम्ही बोलाल ते मी अहवालात लिहू शकतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका.” मग त्याला काय समजलं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या आणि तेच शब्द टिपून ठेवा. अर्ध्या तासानं तो “डॉक्टर, तुम्हाला म्हणून सांगतो” असं म्हणाला, तर थांबवून पुन्हा आठवण करा. माहितीचा एखादा तुकडा हातचा जाईल. जाऊ द्या.

शक्यतो उपचार करणारा आणि अहवाल लिहिणारा एकच माणूस नसावा. मनुष्यबळ कमी असतं, हे मान्य. एकच तज्ज्ञ असेल तर दोन वेगळ्या फायली ठेवा आणि आपण दोन्ही भूमिकांत आहोत हे अहवालात उघड लिहा.

तिसरी पायरी : माणसाआधी कागद

आरोपीला भेटण्याआधी तक्रार, साक्षीदारांचे जबाब, वैद्यकीय तपासणीचे कागद आणि जुन्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या वाचा. माझा अनुभव विचाराल तर सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे गुन्ह्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत कुणीही केलेली नोंद. नोंद करणारा डॉक्टरच असायला हवा असं नाही. ‘रात्रभर भिंतीशी बोलत होता, जेवण सांडून दिलं’ एवढं पहाऱ्यावरच्या शिपायानं वहीत लिहिलेलं असतं, आणि आठ महिन्यांनी ते आपल्या दोन तासांच्या मुलाखतीपेक्षा जास्त सांगून जातं. गुन्हा आणि तपासणी यांत अंतर जितकं वाढतं तितकी ही वही महत्त्वाची.

घरच्यांशी बोलताना “त्याला वेड लागलं होतं का?” असं विचारू नका. झोप, अंघोळ, पैशाचा हिशेब, कामावर जाणं, शेजाऱ्यांशी वागणं यांत कधीपासून फरक पडला ते विचारा.

चौथी पायरी : मुलाखत

जागा जमेल तितकी शांत बघा. पहारेकरी दिसेल पण ऐकणार नाही इतक्या अंतरावर हवा. दरवाजाकडे जाण्याची वाट तुमच्या बाजूला मोकळी असावी. बेड्या काढाव्यात की नाही हे सुरक्षेच्या माणसांशी बोलून ठरवा, आणि बेड्यांतच बोलणं झालं असेल तर तसं लिहा. भाषा नीट येत नसेल तर दुभाषी घ्या. दुसऱ्या कैद्याला दुभाषी करू नका, कधीच.

सुरुवात गुन्ह्यापासून नको. झोप कशी येते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आज सकाळी घेतली का, हे आधी. शेवटचा प्रश्न औपचारिक वाटतो, पण सकाळच्या इंजेक्शननं गुंगलेल्या माणसाला ‘शांत, सहकार्य करणारा’ असं लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत.

गुन्ह्याचा दिवस मात्र चित्रपटाची रीळ हळू फिरवावी तसा काढायचा. सकाळी उठलात, मग? चहा कुणी केला? घराबाहेर कधी पडलात? त्या क्षणापाशी घाईनं जाऊ नका, तो आपोआप येतो.

शेजारी आपल्या पिण्याच्या पाण्यात विष कालवतो अशा खात्रीनं एकानं शेजाऱ्यावर कोयता चालवला आणि मग तो कोयता विहिरीत टाकला, असं समजा. फिर्यादी पक्ष म्हणणार, हत्यार लपवलं म्हणजे चूक कळत होती. नवखा तज्ज्ञ इथं गडबडतो. विचारायचं एवढंच : “कोयता विहिरीत का टाकला?” तो म्हणाला, “पोलीस आले असते म्हणून,” तर कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, “त्याची माणसं येऊन त्याच कोयत्यानं मला मारतील म्हणून,” तर ते लपवणं भ्रमाचाच भाग. पुरावा एकच, अर्थ दोन. ‘मग काय वाटलं?’, ‘नंतर कुठे गेलात?’, ‘कुणाला सांगितलं?’ हे प्रश्नही तितक्याच चिकाटीनं विचारा आणि उत्तरं त्याच्याच शब्दांत, अवतरणात लिहून घ्या. तुमच्या भाषेत गाळून घेतलेलं उत्तर उलटतपासणीत टिकत नाही.

शरीर विसरू नका. डोक्याला मार, फिट्स, दारूची तलफ अचानक तुटल्यावर येणारा बेभानपणा, कमी ऐकू येणं, बौद्धिक अक्षमता. यातलं शेवटचं सर्वाधिक निसटतं. असे लोक प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतात, कारण आयुष्यभर ‘हो’ म्हणून त्यांची सुटका झालेली असते. एकच गोष्ट दोन उलट्या प्रश्नांनी विचारून बघा. दोन्हींना ‘हो’ आलं की थांबा.

पाचवी पायरी : वेड पांघरून पेडगाव

सोंगाचा प्रश्न प्रत्येक नवख्याच्या मनात पहिल्या दिवसापासून असतो आणि तो जरा जास्तच असतो. काही ठोकताळे सांगतो. खऱ्या रुग्णाचे भास बहुधा येऊन-जाऊन असतात आणि ते थोपवायला त्यानं काही ना काही शोधलेलं असतं : कानात बोळे घालणं, गाणं गुणगुणणं, माणसांत जाऊन बसणं. सोंग करणाऱ्याचे आवाज अखंड चालतात, ते थांबवण्याचा उपाय त्याला कधी सुचलेला नसतो आणि प्रत्येक हुकूम तो पाळतो. खरा भ्रम हळूहळू उगवतो, एका रात्रीत उगवून एका रात्रीत मावळत नाही. आजार लपवण्याकडे खऱ्या रुग्णाचा कल असतो. सोंग करणाऱ्याचा विचारण्याआधीच लक्षणांची यादी सुरू करण्याकडे.

दोन अधिक दोन पाच, गाईला पाय पाच, अशी जवळपासची पण चुकीची उत्तरं देणारे कैदी 1898 मध्ये जर्मन डॉक्टर गान्झर यांनी नोंदवले. ते सोंग की आजार यावर शंभर वर्षांत एकमत झालेलं नाही. म्हणून एका मुलाखतीवर ‘सोंगाडा’ असा शिक्का मारू नका. खरा स्किझोफ्रेनिया असलेला माणूससुद्धा आपली केस भक्कम व्हावी म्हणून चार लक्षणं पदरची घालतो. वॉर्डात आठवडाभर ठेवून, कुणी बघत नसताना तो कसा जेवतो, कसा झोपतो, कुणाशी हसतो, हे परिचारकांना विचारा. त्यांना आपल्या आधी कळलेलं असतं.

सहावी पायरी : धोक्याचा अंदाज

‘धोकादायक आहे’ हे वाक्य अहवालात लिहू नका. कुणाला, कोणत्या स्थितीत, किती काळात, कशानं तो धोका कमी होईल, असं लिहा. नुसत्या अंतःप्रेरणेपेक्षा ठरावीक मुद्द्यांवरून बघणं बरं. हिंसेचा धोका आजमावण्याच्या एचसीआर-20 या साधनात वीस मुद्दे आहेत : दहा भूतकाळाचे, पाच सध्याच्या स्थितीचे, पाच पुढच्या व्यवस्थेचे. बेरीज करून मोकळं व्हायचं नसतं, मुद्दे समोर ठेवून विचार करायचा असतो. मानसशास्त्रज्ञ हेअर यांच्या सायकोपॅथीच्या (दुसऱ्याबद्दल कणव नसलेल्या, बेदरकार स्वभावाच्या) तपासणी यादीतही वीसच मुद्दे आणि जास्तीत जास्त चाळीस गुण आहेत. ती रीतसर शिकल्याशिवाय वापरू नका, कारण तो आकडा एकदा फायलीत चढला की माणसाला जन्मभर चिकटतो.

मानसिक आजार म्हणजे हिंसा ही समजूत आपल्या क्षेत्रातही घट्ट आहे. अमेरिकेतल्या मॅकआर्थर अभ्यासात, 1998 च्या निष्कर्षांत, हिंसेच्या बाबतीत नुसत्या आजारापेक्षा नशापाण्याचं पारडं जड निघालं. दारू आणि अमली पदार्थांचा इतिहास न घेता धोक्यावर बोलणं म्हणजे पाया न खणता भिंत उभारणं.

सातवी पायरी : अहवाल

अहवाल वकील वाचणार, न्यायाधीश वाचणार, आणि कधीतरी आरोपीही वाचणार. प्रत्येक मतामागे तथ्य, आणि प्रत्येक तथ्यामागे ते कुठून आलं हे लिहा. न मिळालेल्या कागदांचीही यादी द्या. ‘आरोपी निर्दोष आहे’, ‘जबाबदार नाही’ हे ठरवणं कोर्टाचं काम. आपण मनाची स्थिती सांगायची आणि कलमातल्या प्रश्नाशी तिचा दुवा दाखवायचा. मत बदलेल असा नवा पुरावा आला तर पुरवणी अहवाल द्या. साक्षीत “मला सांगता येणार नाही” म्हणायची सवय लवकर लावून घ्या. पहिल्यांदा जड जातं.

आठवी पायरी : उपचार

इथं खरं काम सुरू होतं, आणि याच्याबद्दल पुस्तकांत सगळ्यांत कमी सापडतं.

2002 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये फझेल आणि डॅनेश यांनी 12 देशांतल्या 62 पाहण्या, म्हणजे सुमारे 23,000 कैदी, एकत्र मांडले. पुरुषांपैकी 3.7 टक्क्यांना सायकोसिस (भ्रम-भासांचा आजार), 10 टक्क्यांना तीव्र नैराश्य, 65 टक्क्यांना व्यक्तिमत्त्व विकार. म्हणजे भ्रम-भासाचे रुग्ण डोळ्यांत भरतात, पण कोपऱ्यात गप्प बसलेला उदास माणूस त्याहून जास्त वेळा भेटणार, आणि आत्महत्येचा धोका त्याला. कोठडीतले पहिले दिवस, निकालाचा दिवस, घरून वाईट बातमी आलेला दिवस, या तारखा तुमच्या वहीत असू द्या.

नव्यानं आत आलेल्याचे पहिले तीन-चार दिवस व्यसन तुटण्याच्या दृष्टीनं बघा. थरथर, घाम, मग भास, असं दिसलं तर त्याला ‘वेडा’ म्हणून खोलीत कोंडू नका. दारू तुटल्यावरचा बेभानपणा जीव घेऊ शकतो.

गोळ्यांबद्दल तुरुंगाच्या काही खास गोष्टी. क्लोझापिन या भ्रम-भासांवरच्या औषधाचा खंड 48 तासांपेक्षा जास्त पडला तर जुना डोस परत सुरू करता येत नाही, 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावा लागतो. कैद्याची एका तुरुंगातून दुसरीकडे रवानगी झाली की हा खंड हमखास पडतो. धूम्रपान बंद असलेल्या ठिकाणी आलेल्या माणसाच्या रक्तात तेच क्लोझापिन वाढतं, कारण सिगारेटच्या धुरामुळे ते झपाट्यानं वापरलं जात असतं. बाहेर चालणारा डोस आत आल्यावर गुंगी आणतो तो यामुळे. लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधावरच्या कैद्यानं उपोषण धरलं किंवा पाणी कमी प्यायला, तर विषबाधेची वेळ येऊ शकते. ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या, इतर औषधांचे दुष्परिणाम घालवणाऱ्या गोळ्या आत नशेसाठी चलनासारख्या फिरतात. गोळी गालात दडवून नंतर विकली जाते, किंवा दांडगा कैदी दुबळ्याकडून हिसकावून घेतो. म्हणून तोंड उघडून बघणं अपमान न करता कसं करायचं हे परिचारकांकडून शिका. महिन्यातून एकदाच्या इंजेक्शननं यातला पुष्कळ ताण जातो, रुग्ण तयार असेल तर.

एक चूक कबूल करतो. एक तरुण कैदी हॅलोपेरिडॉल या भ्रम-भासांवरच्या औषधावर होता. रात्री येरझाऱ्या घालतो, बसत नाही, ओरडतो, अशी तक्रार आली. ‘आक्रमक’ म्हणून मी डोस वाढवला. दोन दिवसांनी तो आणखी येरझाऱ्या घालू लागला. शेवटी एका वयस्कर परिचारिकेनं त्याला विचारलं, “बाळा, राग आलाय का?” तो म्हणाला, “नाही सिस्टर, पाय मला बसू देत नाहीत.” ती औषधाची बेचैनी होती, अकाथिसिया. डोस कमी केला, प्रोप्रॅनोलॉल दिलं आणि तो झोपला. सुरक्षेच्या भाषेत आलेलं प्रत्येक लक्षण आधी वैद्यकीय भाषेत वाचायचं, हे त्या दिवसापासून पाळतो.

शिक्षा म्हणून एकांतवास सुचवला गेला तर लेखी हरकत घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांप्रमाणे दिवसाचे 22 तास किंवा त्याहून जास्त वेळ माणसांच्या अर्थपूर्ण संपर्काशिवाय ठेवणं म्हणजे एकांतवास. ज्याचा मानसिक आजार त्यानं बळावेल त्याला तो देता येत नाही. त्याच नियमांत, गुन्ह्याला जबाबदार न ठरलेल्या व्यक्तीला तुरुंगात ठेवू नये, असंही आहे.

औषधानं भ्रम गेला तरी रागाची, नशेची, वाईट संगतीची सवय राहते. ती बोलून, शिकवून, हळूहळू जाते. जास्त धोक्याच्या माणसाला जास्त वेळ द्या, त्याच्या गुन्ह्याशी निगडित गरजांवरच काम करा, आणि त्याला झेपेल अशा पद्धतीनं शिकवा. व्यक्तिमत्त्व विकार म्हटला की ‘यात काही होत नाही’ म्हणून हात झटकू नका. आणि खटल्याला उभं करण्यापुरते उपचार करून तिथंच थांबलात, तर खटला संपताच तो पुन्हा कोसळतो.

नववी पायरी : सुटका

सुटका जवळ आली की सगळे सुस्कारा सोडतात, आणि नेमकी तीच वेळ सर्वांत नाजूक. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या सुमारे 30,000 कैद्यांच्या 2007 मधल्या अभ्यासात, बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर लोकांच्या 12.7 पट निघाला. आघाडीचं कारण नशेचा जास्त डोस. आत सवय मोडलेली असते, बाहेर आल्यावर जुन्याच मापानं घेतलं की शरीराला झेपत नाही. हे रुग्णाला आकडे न सांगता, स्पष्ट शब्दांत, दोनदा सांगा.

जामीन कधी संध्याकाळी मंजूर होतो, कधी सुट्टीच्या आदल्या दिवशी, आणि तुम्हाला कुणी कळवत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाचं एक पाकीट तयार असू द्या : औषधांची मूळ नावं आणि डोस, शेवटचं इंजेक्शन कधी दिलं आणि पुढचं कधी द्यायचं, बाहेर कुठे जायचं त्या दवाखान्याचा पत्ता, आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या. पाकीट फाटकावरच्या माणसाच्या खणात ठेवा, तुमच्या कपाटात नको. तुमच्या कपाटाची किल्ली संध्याकाळी सहा वाजता घरी गेलेली असते.